खतावणीबाहेरचे तास

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभली, आणि तेव्हापासून आजतागायत मराठी वाचकाने ते मुख्यत्वे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या थोरवीचा दाखला म्हणून वाचले. तो दाखला त्यात आहेच. परंतु नोकरी, संसार, शरीर आणि स्नेह या चारही गोष्टी एकाच दिवसाच्या मर्यादेत बसवण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याने तेच पुस्तक न्यायमूर्तींवरून दृष्टी किंचित बाजूला सारून पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण एका असामान्य कर्तृत्ववान पुरुषाचा दिवस कसा उगवे, कसा चढे आणि कसा मावळे, आणि त्या दिवसाच्या प्रत्येक प्रहरामागे कोण उभे असे, याचा इतका प्रांजळ वृत्तांत आपल्या भाषेत क्वचितच दुसरा असेल.

१८७३ साली रमाबाईंचे न्यायमूर्तींशी, म्हणजे माधवरावांशी, लग्न झाले तेव्हा त्यांचे वय एकतीस होते आणि रमाबाईंचे अकरा. प्रथम पत्नीच्या निधनाला फार दिवस लोटले नव्हते, आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता म्हणून सारे पुणे ज्यांच्याकडे पाहत होते त्यांनी वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून एका बालिकेशी विवाह केला होता. त्याचे समर्थन करावे असे मला वाटत नाही, आणि ते करण्याचे इथे प्रयोजनही नाही. त्या मुलीला त्यांनी अक्षरओळखीपासून शिकवले हे सर्वश्रुत आहे. पण ते शिक्षण चाले रात्री, कारण दिवसावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची सत्ता होती आणि सुनेने पुस्तक हाती धरणे त्यांना मुळीच रुचत नव्हते. पुढे माधवरावांची मुळातच अधू असलेली दृष्टी अधिक अधू झाली, तेव्हा वर्तमानपत्रे वाचून दाखवणे, टपाल वाचून दाखवणे ही कामे रमाबाईंकडे आली, आणि रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळता चोळताही वाचन किंवा पाठांतर चालूच असे. सरकारची मर्जी फिरली तशी १८७८ साली नाशिकला बदली झाली, तिथून धुळ्याला. प्रत्येक बदलीच्या हुकमासरशी संसार उचलायचा आणि परक्या गावात पुन्हा मांडायचा, हे काम हुकमात कुठेही लिहिलेले नसले तरी कुणीतरी केलेच. सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद, अर्थशास्त्रावरील व्याख्याने, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ, आणि या सर्वांच्या आधी रोजचे न्यायदान: एवढे कार्य एका माणसाच्या एका दिवसात मावत नाही. ते दोन माणसांच्या दिवसांत मावले.

आणि रमाबाईंचे स्वतःचे कर्तृत्व पूर्णार्थाने बहरले ते १९०१ नंतर, पतीच्या निधनानंतर. पुण्याचे सेवासदन १९०९ मधले. तिथून स्त्रियांना शिक्षण मिळाले, ससून रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण मिळाले, आणि त्या कामात रमाबाईंनी १९२४ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, स्वतःला वाहून घेतले. तत्पूर्वीही त्यांनी भाषणे केली, स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत भाग घेतला, हे खरे. पण त्या घरात एकाच वेळी दोघांच्या कर्तृत्वाला पुरतील एवढे तास नव्हते, आणि हा दोष त्या दोघांपैकी कुणाचाही होता असे मला वाटत नाही.

त्या पिढीतील पुरुषांच्या आयुर्मर्यादेकडे पाहिले म्हणजे मन उदास होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर असतानाच १८९३ साली वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेचाळीस होते, आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी रानडे आले. रानडे साठीपर्यंत पोचले नाहीत. १९०० च्या डिसेंबरात लाहोरच्या सामाजिक परिषदेला जाण्यास वैद्यांनी मनाई केली, तेव्हा त्यांना झालेले दुःख स्वतःच्या प्रकृतीविषयी नव्हते, वर्षानुवर्षांचा नेम मोडल्याविषयी होते, आणि पुढल्याच महिन्यात ते गेले. गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली दम्याने गेले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्यांच्या अंथरुणाशी एका पुरचुंडीत अंत्यविधीपुरते पैसे बाजूला काढून ठेवलेले आढळले, असे सांगतात. ही हकीकत आपण त्यांच्या निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून सांगतो. मला मात्र त्या पुरचुंडीत एका नवऱ्याची चिंता दिसते. फर्ग्युसनचे प्राचार्यपद, ‘सुधारका’चे संपादन, आणि आयुष्यभर छळणारा तो श्वास या तिघांनी मिळून त्यांचा सर्व काळ घेतला होता, आणि संसारासाठी जे काही उरले त्यातून त्यांना एवढेच करता आले, की आपल्यामागे यशोदाबाईंना त्या दिवशी तरी कुणापुढे हात पसरावा लागू नये.

गोखले अठ्ठेचाळीस वर्षांचे होऊन गेले. मधुमेहाने पोखरलेल्या त्या शरीराने १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, आणि नंतर सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाच्या कामासाठी बोटीतून इंग्लंडच्या वाऱ्या केल्या. इन्शुलिनचा शोध टोरँटोत लागला तो १९२१ साली, गोखल्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. तेव्हा त्यांच्या अकाली जाण्याचे सारे खापर कामावर फोडणे अन्यायाचे होईल. लोकमान्य टिळकांनाही हाच विकार होता, सत्यभामाबाईंनाही होता, आणि त्या १९१२ मध्ये पुण्यात वारल्या तेव्हा लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. तथापि औषधाच्या अभावाइतकीच दुसरीही एक गोष्ट या माणसांच्या ठायी होती, ती म्हणजे शरीर हे कार्यासाठी खर्चायचे द्रव्य आहे ही श्रद्धा. पारतंत्र्यातल्या देशात ती श्रद्धा उदात्त होती आणि तिच्यापुढे मी आजही नतमस्तक होते. परंतु ज्या कार्यात देश नाही, धर्म नाही, केवळ एखाद्या कंपनीची तिमाही आहे, त्या कार्यासाठी तीच श्रद्धा माणसांकडून मागितली जाते आणि माणसे ती निमूटपणे देतात, हे पाहून मला क्लेश होतात.

या काळाची दुसरी बाजू जर कुणी रोखठोकपणे लिहून ठेवली असेल तर ती बाया कर्वे यांनी. ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. अण्णासाहेब कर्व्यांशी १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला, हा इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. पण बहिष्काराच्या त्या गाजलेल्या प्रसंगाहून पुढली कित्येक वर्षे अधिक कठीण होती, कारण ती रोजची होती. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि संध्याकाळी चिखल तुडवीत विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाकडे चालत जात. इकडे पुण्यात मुलांची आजारपणे, आल्यागेल्यांचा राबता, आणि आजीव सभासदाच्या तुटपुंज्या वेतनात महिना ओढणे हे सारे बायांच्या अंगावर. अण्णांनी आपल्या आयुष्याचा विमाही आश्रमाच्या नावे केला. बायांनी हे सर्व हसतमुखाने सोसले असे त्यांच्या पुस्तकावरून दिसत नाही, आणि त्यांचा मोठेपणा मला यातच वाटतो, की नवऱ्याच्या कार्यावर निष्ठा असूनही त्या कार्याने घराचे काय घेतले हे सांगण्याची त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, आणि तक्रारही केली. आज मी राहते ते कर्वेनगर म्हणजेच तेव्हाचे हिंगणे. ज्या वाटेने अण्णा चिखलातून येत त्या वाटेवर आता सकाळ-संध्याकाळ मोटारींची रांग लागलेली असते, आणि त्या मोटारींत बसलेल्या तरुण स्त्रीपुरुषांचे प्रश्न बायांच्या प्रश्नांहून पुष्कळसे निराळे नाहीत.

मी माझ्या उमेदीची वर्षे जिल्हा कोषागारात काढली. कोषागाराचे वर्ष एकतीस मार्चला संपते, आणि मार्चअखेर म्हणजे काय हे ज्याने त्या कचेरीत बसून अनुभवले नाही त्याला सांगून समजणार नाही: वर्षभर निजलेली सारी खाती अखेरच्या आठवड्यात जागी होत, अनुदान परत जाऊ नये म्हणून बिलांचे गठ्ठे येत, प्रत्येक बिलाची मंजुरी, लेखाशीर्ष, सही, शिक्का तपासावा लागे, आणि शेवटच्या रात्री मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही खुर्चीवरून उठत नसू. अशाच एका मार्चअखेरीला माझ्या मुलाला गोवर निघाला. मी निर्धास्तपणे कचेरीत बसू शकले, कारण त्याच्या उशाशी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्या पहाटे चारला उठत, माझा डबा भरत, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवत, आणि संध्याकाळी मी दारात पाऊल टाकले की पहिल्याने विचारत, “आज हिशेब जुळला ना गं?” त्यांना कोषागार म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हते, परंतु हिशेब जुळला नाही की सून उशिरा येते, एवढे त्यांनी ओळखले होते. माझ्या वेतनाच्या पत्रकावर एकच नाव असे, आणि आज निवृत्तिवेतनही एकाच नावावर येते. शासनाच्या लेख्यांत कोणतीही रक्कम कुठल्या ना कुठल्या शीर्षाखाली पडावीच लागते, पडली नाही तर महालेखापालांचा आक्षेप येतो. सासूबाईंच्या तासांना मात्र कोणतेच शीर्ष नव्हते, आणि आक्षेप कुणी घेतला नाही.

हे इतके विस्ताराने सांगितले ते माझ्या भाचीसाठी. ती भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव रुग्ण जन्मभर घेतो, भूल देणाऱ्याचे त्याला सहसा आठवतही नाही; पण टेबलावरच्या त्या माणसाचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू यांच्यावर अखंड नजर ठेवून त्याच्या उशाशी जी व्यक्ती बसते तिला, तो शुद्धीवर येईपर्यंत, जागचे हलता येत नाही. घरी मूल वाट पाहत आहे या सबबीवर ते काम अर्ध्यावर टाकता येत नाही, आणि अडलेली बाळंतीण किंवा अपघाताचा रुग्ण घड्याळ पाहून येत नाही. तिचा नवरा हिंजवडीत एका कंपनीत आहे. तिचे काम परदेशाशी; तिकडची सकाळ ती इकडची रात्र, त्यामुळे त्यांच्या महत्त्वाच्या बैठका भरतात त्या मुलीच्या निजण्याच्या वेळी. मुलगी पाच वर्षांची आहे, पाळणाघर सातला बंद होते, आणि दोन्हीकडचे आजीआजोबा दूर आपापल्या गावी, आपापल्या दुखण्यांत. म्हणजे ज्या जागी माझ्या घरात सासूबाई होत्या ती जागा या घरात रिक्त आहे, आणि ती भरण्याची कोणतीही तजवीज न करता दोन्ही कचेऱ्या त्यांच्याकडून अशा माणसाइतके काम मागत आहेत, ज्याच्या घरी ती जागा भरलेली आहे.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. आपण या प्रश्नाचा विचार करतो तो व्यक्तीच्या चातुर्याचा प्रश्न म्हणून: वेळेचे नियोजन करावे, पहाटे लवकर उठावे, योगासने करावीत, सुटीच्या दिवशी फोन बंद ठेवावा. हा उपदेश करणाऱ्यांची कळकळ खरी असते आणि त्यातले काही उपयोगीही आहे. परंतु कचेरीचा दिवस मुळात बेतला गेला तो ज्याच्या घरी रमाबाई आहेत, बाया आहेत, माझ्या सासूबाई आहेत, त्या पुरुषाच्या मापाने. आज तोच दिवस जशाच्या तसा त्या पुरुषाला आणि त्या स्त्रीला, दोघांनाही, चढवला आहे, आणि तो अंगावर बसत नाही म्हणून आपण दोघांच्या अंगाला दोष देत आहो. पहाटे लवकर उठावे हा उपदेश म्हणजे झोपेतून आणखी एक तास कापून त्याच मापाची भर करणे होय. भाचीच्या नवऱ्याच्या रक्तातली साखर, चाळिशीला अजून अवकाश असताना, वर गेली आहे. गोखल्यांच्या वेळी जे औषध नव्हते ते आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते; आणि डॉक्टर बायको त्याला ते वेळच्या वेळी आणूनही देते. त्याला हवी आहे ती सलग सात तासांची झोप, आणि ती कोणत्याही चिठ्ठीवर मिळत नाही.

एकदा भाची दोन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. रात्री मुलगी निजल्यावर म्हणाली, “मावशी, आमचं भांडण होतं ना, तेव्हा आम्ही दोघंही खरंच बोलत असतो. तो म्हणतो, मी थकलोय, ते खरं. मी म्हणते, मी त्याच्याहून थकलेय, तेही खरं. मग पुढे काय बोलायचं?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बोलत नाही असं नाही गं. पण आमचं बोलणं म्हणजे वॉर्डातलं हँडओव्हर झालंय. हिला ताप होता, औषध दिलंय, फी भरायचीय, गॅसवाला येणारे. एवढं सांगितलं की एक जण निघतो.” मी तिची समजूत घातली नाही. विवाहात प्रेम आटते ते भांडणाने असे मला कधीच वाटले नाही. भांडणाला निदान एकमेकांकडे तोंड करून बसावे लागते. नवराबायकोच्या सहवासातला मोलाचा भाग असतो तो निष्प्रयोजन बोलण्याचा: बाजारात कुणीतरी भेटले, भाजीवालीने काहीतरी म्हटले, लहानपणची एखादी गोष्ट उगाचच आठवली, आणि तिच्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. दिवस अपुरा पडू लागला म्हणजे पहिली काटछाट होते ती या बोलण्यावर, कारण ते केले नाही तर त्या दिवशी कुणाचेच काही अडत नाही. रानडे दांपत्याचे घर आजच्या न्यायाने विषम होते. पण तळपायांना तूप चोळण्याचा तो रात्रीचा अवधी त्या दोघांचा होता आणि तो रोज होता, याचा मला, खरे सांगायचे तर, हेवा वाटतो.

यावर जुने लोक म्हणतील, दोघांतल्या एकाने घरी राहावे. त्या ‘एकाने’चा अर्थ नेहमी एकच निघतो. एक भूलतज्ज्ञ घडवायला समाजाची आणि त्या मुलीची मिळून किमान आठ-नऊ वर्षे खर्ची पडतात, आणि तिने घरी बसावे असे म्हणणाऱ्याच्या सुनेची शस्त्रक्रिया रात्री दोन वाजता करावी लागली तर ती भूल कुणी द्यायची? शिवाय काम हे केवळ अर्थार्जन नव्हे. एखादे मूल सुखरूप शुद्धीवर आले की भाचीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते तिच्यापासून काढून घेण्याचा अधिकार तिच्या आईला नाही, नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही.

इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख पुष्कळांनी वाचलेला असतो. सभेत त्यांची ओळख महर्षी अण्णासाहेबांची सून, प्राचार्यांची पत्नी, विदुषी अशी करून दिली जाते, काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राहते, आणि रस्त्यातली पोरे ‘आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात तेव्हा ती ओळख पुरी होते. विदुषीने अखेर मातृत्वातच धन्यता मानली, असा त्याचा अर्थ लावणारे मला भेटले आहेत. मला तो पटत नाही. देशभर हिंडून माणसांची मापे घेणारी, पुण्याच्या रस्त्यांतून स्कूटर चालवीत जाणारी, डेक्कन कॉलेजात संशोधन उभारणारी ही स्त्री इतक्या मोकळेपणाने आईपणाचा आनंद सांगू शकली, कारण तो आनंद तिला विद्वत्ता गहाण टाकून घ्यावा लागला नव्हता. आणि याचे श्रेय तिच्याइतकेच दिनकररावांना आहे, ज्यांनी पत्नीचे काम हे घराचेच काम मानले. एकाच कर्वे घराण्यात, एका पिढीच्या अंतराने, बायांचे घर आणि इरावतींचे घर असा फरक पडू शकला, तर तो पुढेही पडू शकेल अशी आशा बाळगण्यास आधार आहे.

पण प्रत्येक घराला दिनकरराव मिळावेत यावर समाजाने विसंबून राहू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना अधिक चातुर्याने जगा असे सांगितले नाही. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरात पडली. त्यापुढे कायद्याने आठवड्याचे तास १९२२ मध्ये साठ, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस असे उतरत आणले. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्याने १९२९ साली केला, देशाने १९६१ साली, आणि २०१७ मध्ये ती रजा सव्वीस आठवड्यांची होऊन पन्नास किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे सारे मागून मिळाले आहे. मात्र कारखान्याच्या फाटकाशी थांबलेला तो अठ्ठेचाळीस तासांचा नियम डॉक्टरच्या, अभियंत्याच्या, अधिकाऱ्याच्या दारापर्यंत प्रत्यक्षात आलाच नाही. निवासी डॉक्टरांना साधारणतः बारा तासांहून अधिक सलग काम देऊ नये असे १९९२ च्या केंद्रीय योजनेत लिहिलेले आहे. भाचीने तिच्या शिकाऊ दिवसांत ते कागदावर वाचले आणि वॉर्डात छत्तीस तास उभी राहिली. बापाची रजा केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची आहे आणि खासगी नोकराला कायद्याने मुळीच नाही, जणू मूल सोळाव्या दिवसापासून बापाचे लागत नाही. शिकलेल्या, चांगले वेतन घेणाऱ्या वर्गाला तासांची मागणी करणे कमीपणाचे वाटते. तो संकोच सोडण्याची वेळ आली आहे असे मला तळमळीने वाटते.

कायदा होईल तेव्हा होईल. आमच्या सोसायटीच्या आवारात एक सभागृह आहे. गणेशोत्सव आणि वार्षिक सभा वगळता ते कुलूपबंद असते. तिथे संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ मुलांसाठी पाळणाघर चालवावे असा लेखी अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. एका जाणत्या बाईंना पगारी नेमायचे, आणि आमच्यासारख्या चार-पाच निवृत्त स्त्रीपुरुषांनी आळीपाळीने सोबत बसायचे. ही सासूबाईंची जागा आहे, परंतु या वेळी तिला वेतन असेल, हजेरीपट असेल, आणि हिशेबात तिच्या नावाचे शीर्ष असेल; ते मी स्वतः घालून दिले आहे. पुरुषांची नावे पाळीत असलीच पाहिजेत अशी अटही घातली आहे, आणि तीन नावे आली आहेत. आवाजाचा त्रास होईल अशी हरकत दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नोंदवली आहे. त्यांचा मुलगा आणि सून दोघेही कामानिमित्त बंगळूरला असतात आणि नातू तिथल्या पाळणाघरात रात्री आठपर्यंत राहतो, असे मला कळले आहे. सभा येत्या रविवारी आहे. तिच्या आधी मी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.